नेव्हिगेशन ॲप, अणुस्कुरा घाट आणि आमच्या गावची पाखाडी

चिरेखाण | १४ जून २०२५, रात्री १०.४०

मंडळी, आमची गाडी नऊ वर्षांची. स्क्रीनबिन काही नाही, एफएम तेवढा लागतो. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बाबा बसायचे, त्यामुळे गावाला जाताना नेव्हिगेशनची गरजच पडली नाही. "पुढे वड लागेल, तिथून डावीकडे." आता रस्ते रुंद करताना वड गेले आणि त्यांच्याबरोबर बाबांचं नेव्हिगेशनही. (हे त्यांच्यासमोर बोलायचं नाही.)

म्हणून या खेपेला म्हटलं, जरा नीट प्रयोग करू. दोन फोन लावले. एक माझा, त्यावर आपलं नेहमीचं ॲप, नेट चालू. दुसरा बायकोचा जुना, सिमकार्ड काढलेला. त्यावर उतरवून घेतलेल्या नकाशावर चालणारं एक फुकट ॲप. महाराष्ट्राचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर घेऊन ठेवला. दोन्हींची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत धागा भरकटेल. सिम नसलेला फोन रस्त्यात आंधळा होणार याची बायकोला शंभर टक्के खात्री होती.

मार्ग: पुणे, कऱ्हाड, कोकरूड, मलकापूर, अणुस्कुरा, पाचल आणि तिथून आत आमचं गाव.

निघताना माझ्या फोनला आपण कुठे आहोत हे लगेच कळलं. जुन्याला दोन-तीन मिनिटं लागली. बायकोने "बघ" अशा अर्थाने भुवई उडवली. नवले पुलाच्या उताराला पहिली गंमत झाली. आम्ही हायवेवर आणि दोन्ही फोनांना वाटतंय की आम्ही सर्व्हिस रोडवर. एक म्हणतो डावीकडे वळा, दुसरा म्हणतो वळसा घ्या. तिथे मागून येणारे ट्रक बघता मी दोघांचंही ऐकलं नाही.

पुढे कऱ्हाडपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. स्पीडोमीटर ८० दाखवत होता तेव्हा दोन्ही फोन ७५-७६ दाखवत होते, एवढंच. हो, आणि ते "बीके". कुठल्याही बुद्रुक गावाची पाटी आली की ॲपमधल्या बाईसाहेब इंग्रजी धाटणीत "बी के" म्हणायच्या आणि खुर्दला "के एच". मागच्या सीटवरून बाबा: "हा बीके कोण? पुढारी आहे का इकडचा?"

मलकापूर सोडल्यावर रेंज गेली. माझ्या फोनवर आधी आखलेला रस्ता दिसत होता, तोवर ठीक होतं. चहाला थांबलो आणि निघताना एका फाट्यावर चुकलो, तशी चकती फिरायला लागली ती फिरतच राहिली. जुना फोन मात्र शांतपणे म्हणाला, मागे वळा. अख्खा घाट त्याने एकेक वळण आधी सांगत उतरवला. धुकं इतकं होतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. पडद्यावर पुढचं नागमोडी वळण किती तीव्र आहे हे कळत होतं, त्याचा खरंच आधार वाटला. बायकोने खालच्या वळणावर जाहीर केलं की हा फोन तिचा आहे.

मग पाचल. इथून रस्ता मला पाठ आहे, पण प्रयोग म्हणजे प्रयोग. जुन्या फोनवर आमची वाडीच नव्हती. माझ्या फोनला रेंज आली आणि त्याने नेहमीच्या रस्त्याऐवजी एक नवाच दाखवला, नऊ मिनिटं वाचणार म्हणे. बाबा म्हणाले, "इकडून रस्ता नाही." मी म्हटलं, नवीन झाला असेल. (इथे माझी चूक. मान्य.)

आधी डांबर होतं. मग खडी. मग दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आणि मध्ये गाडीपुरती जागा. आरसे मिटून घेतले. उजवीकडे एक घर, अंगणात फणस, आणि फणसाच्या पुढे रस्ता एकदम खाली गेला. जांभ्याच्या पायऱ्या! शेवाळलेल्या, मधल्या पायऱ्या पायांनी झिजून वाटीसारख्या झालेल्या. लहानपणी आजीचं बोट धरून हिच्यावरून देवळात जायचो ती पाखाडी. फक्त तेव्हा खालून चढायचो, म्हणून वरून ओळखली नाही. फोनमधून आवाज: "सरळ पुढे चला."

घरातून एक काका धोतर सावरत, सावकाश बाहेर आले. जराही आश्चर्य नाही. "ही ह्या महिन्यातली तिसरी," म्हणाले. "घ्या मागं. फणसाला लावा. आता स्टेरिंग पुरं मोडा. थांबा. पुढं. परत फणसाला." फणसाच्या बुंध्यावर बंपरच्या उंचीला साल घासून पांढरी पडली होती. गाडी वळल्यावर चहा पाजला. बाबांची आणि त्यांची आठवीपर्यंतची शाळा एक निघाली, मग दीड तास गेला. वाचवलेली नऊ मिनिटं अशी वसूल झाली.

तर प्रश्न असा की सिम नसताना जुना फोन इतका बरोबर कसा चालला? आणि पाखाडी नकाशात रस्ता म्हणून येते कशी?

---

चौथा_गिअर | १४ जून, रात्री ११.०५

फणसाची साल, लोल! नावं दिली नाहीत ते बरं केलंत, पण नवीन लोकांसाठी: ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारी, नेटशिवाय वापरता येणारी ऑसमँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स आहेत. आपल्या मॅपमायइंडियाचं मॅपल्स आहे. गूगलवरही हवा तेवढा भाग आधी उतरवून ठेवता येतो, हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं.

---

घाटमाथ्यावरून | १५ जून, सकाळी ७.२०

चांगलं लिहिलंय, पण मुळात एवढा खटाटोप कशाला? काच खाली करायची, माणसाला विचारायचं. आम्ही तीस वर्षं असेच फिरलो. यंत्रावर भरवसा ठेवून माणसांशी बोलणंच बंद झालंय.

---

हायवेवरची_ताई | १५ जून, सकाळी ९.४८

> काच खाली करायची, माणसाला विचारायचं

दादा, मी कामासाठी महिन्यातून चार-पाच वेळा एकटी गाडी घेऊन सोलापूर, लातूर, नांदेड करते. रात्री साडेअकराला फाट्यावर काच खाली करून कुणाला विचारू? आणि विचारलं की दिवसाही एक "हे काय, इथंच" म्हणतो आणि ते बारा किलोमीटर निघतं. दुसरा आधी कुठून आलात, कुणाकडे, हे विचारतो. ॲप असलं काही विचारत नाही. माझ्यासारखीला त्याचं मोल वेगळं आहे.

पण तक्रार आहेच. मला जायचं होतं वडगावला. आपल्या राज्यात वडगाव किती! मावळातलं, शेरी, बुद्रुक, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव... पहिलं जे येईल त्यावर बोट ठेवलं की संपलं. आता तालुका टाकल्याशिवाय निघत नाही.

---

घाटमाथ्यावरून | १५ जून, सकाळी १०.१५

ताई, तुमचा मुद्दा मान्य. हा विचार केला नव्हता.

---

अणुरेणू | १५ जून, दुपारी १.३०

सिमच्या प्रश्नाबद्दल, जरा लांबण लावतो.

जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह "मी अमुक, मी इथे, आत्ता इतके वाजले" हे घोकत असतो. संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. जागा काढायला तीन उपग्रह पुरले असते, पण फोनमधलं घड्याळ त्यांच्या अणुघड्याळाच्या पासंगालाही पुरत नाही. त्याची चूक काढायला चौथा लागतो.

मग नेट कशाला? एक तर नकाशा आणायला. तो तुम्ही घरीच घेतला होता. दुसरं, कुठला उपग्रह सध्या कुठे आहे याची माहिती फोन नेटवरून चटकन उचलतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाच्या तोंडून ऐकावी लागते आणि तो बोलतो सेकंदाला फक्त ५० बिट. त्याचा स्वतःचा ठावठिकाणा ऐकायला ३० सेकंद, सगळ्या उपग्रहांची यादी पुरी व्हायला साडेबारा मिनिटं. तुमच्या जुन्या फोनने निघताना जी दोन-तीन मिनिटं घेतली ती यात गेली. अंगणात, मोकळ्या आभाळाखाली फोन लावून मग गाडीत बसा, लवकर होईल.

नवले पूल: मोकळ्या जागी साधा फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. हायवेची कडेची लेन आणि सर्व्हिस रोड यांच्यात अंतर केवढं? त्यात ॲप तुमचा ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. चुकीच्या रस्त्यावर चिकटवला की पुढच्या सगळ्या सूचना चुकीच्या. उड्डाणपुलावर आणखी पंचाईत, कारण वरचा आणि खालचा रस्ता नकाशात एकावर एक, आणि उंचीचा अंदाज तर आडव्या जागेपेक्षाही कच्चा. चांदणी चौकात रॅम्पची जी गुंतवळ आहे तिथे मी आवाज बंद करतो आणि पाट्या वाचतो. २०१८ पासून दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारे फोन आलेत, ते इमारतींवर आपटून आलेला सिग्नल बऱ्यापैकी ओळखतात.

पाखाडीवर मात्र तुम्ही अचूक पोचलात. उपग्रहांनी काम चोख केलं. तिथे पायऱ्या आहेत हे सांगणं उपग्रहाचं कामच नाही, ते नकाशाचं.

---

लांबपल्ला | १५ जून, दुपारी २.०२

उत्तम प्रतिसाद, वाखु (वाचनखूण) साठवली. रच्याकने, म्हणजे रस्त्याच्या कडेने, 'बाय द वे' (या धाग्यावर हा शब्द शोभतो), आपल्या नाविकचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएसचं, काय? फोनमध्ये येणार येणार ऐकतोय.

---

अणुरेणू | १५ जून, दुपारी ३.१०

आलंय, बऱ्याच नव्या फोनांत. जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाका, कुठल्या देशाचे उपग्रह दिसतात ते झेंड्यांसकट दाखवतं. तिरंगा दिसला की नाविक.

पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. सातांची रचना, सुमारे ३६,००० किलोमीटरवर. भारत आणि भोवतीच्या १५०० किलोमीटरपुरती सेवा. पण पहिल्याच उपग्रहाची अणुघड्याळं बिघडली, त्याच्या जागी २०१७ मध्ये पाठवलेला उष्णताकवचातून बाहेरच पडला नाही. मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहावर आपलं स्वतःचं रुबिडियम अणुघड्याळ बसवलं आणि फोनच्या चिपला आधीपासून कळणारी एल-१ फ्रिक्वेन्सीही दिली. यंदा २९ जानेवारीला एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्यावरून शंभरावं उड्डाण होतं ते, पण उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. म्हणून सध्या फोन नाविकला बाकीच्यांच्या जोडीला घेतो, एकट्याच्या भरवशावर नाही.

---

स्टेपनी | १५ जून, रात्री ८.२५

वडिलांनी ३२ वर्षं टुरिस्ट गाडी चालवली. त्यांना धागा वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं: "ॲप सांगू दे काय ते. फाट्यावर एकच विचारायचं, इकडून एसटी जाते का? जाते म्हटलं की डोळे मिटून जायचं."

खरंच, पत्ता विचारला की लोक अंदाजाने सांगतात. एसटीचं मात्र कुणी चुकीचं सांगत नाही. एसटी जाते म्हणजे रुंदी आहे, वळायला जागा आहे, पूल वजन पेलतो.

दुसरं, पावसाळ्यात घाट. वरंधा दर पावसाळ्यात बंद ठेवतात. करूळ २०२४ मध्ये कामासाठी महिनोन्‌महिने बंद होता, सगळे भुईबावड्याने जात होते. नकाशावर घाट दिसतो म्हणून निघू नये. आदल्या दिवशी तिकडच्या कुणाला तरी एक फोन करावा.

---

चौथा_गिअर | १५ जून, रात्री ८.४०

"इकडून एसटी जाते का" याला +१००. हे ॲपमध्येच घाला रे कुणीतरी.

---

माठातलं_पाणी | १७ जून, सकाळी ११.१०

फोन काचेला लावला की पोलीस पकडतात का? मला एकाने घाबरवलंय. शिवाय मे महिन्यात फोन इतका तापला की स्वतःच बंद पडला, ऐन सिन्नर बायपासला.

---

हायवेवरची_ताई | १७ जून, दुपारी १२.३०

१ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आहे की रस्ता बघण्यापुरता फोन वापरता येतो, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होत नसेल तर. हातात धरून बोललात तर दंड आहेच. ठिकाण टाकायचं ते गाडी सुरू करायच्या आधी. काचेच्या मधोमध लावू नका, समोरचं झाकतं. मी एसीच्या झोतापुढे क्लिप लावते, नजरही फार खाली जात नाही आणि फोन थंड राहतो. वायरलेस चार्जिंगवर ठेवून नेव्हिगेशन लावाल तर मे महिन्यात ऑम्लेट होईल.

---

लांबपल्ला | २६ जुलै २०२५, सकाळी ८.१५

धागा वर काढतो. बेलापूरची बातमी वाचलीत का? उलव्याला निघालेली गाडी खाडीपुलावर चढायच्या ऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि थेट खाडीत. सागरी सुरक्षेचे पोलीस जवळच होते म्हणून बाई वाचल्या. गेल्या नोव्हेंबरात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली गेली, तीन जण गेले. लोक डोळे मिटून चालवतात का?

---

स्टेपनी | २६ जुलै, सकाळी ९.३०

रात्री एक वाजता, पावसात, अनोळखी जागी तुम्हाला मला काय दिसतं? पूल आणि पुलाखालचा रस्ता, अणुरेणू म्हणाले तेच, एकावर एक. चालवणाऱ्याला हसू नका. बरेलीला पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेलेला होता. तिथे आडवी भिंत, बॅरिकेड, काहीतरी हवं होतं. नकाशा चुकला हे खरं, पण रस्ता मोकळा ठेवणाऱ्याचं काय?

---

घाटमाथ्यावरून | २६ जुलै, सकाळी १०.०५

अनुमोदन. पूर्वी रस्ता बंद असला की आडवं लाकूड टाकून त्यावर लाल फडकं बांधायचे. आता तेवढंही कुणी करत नाही.

---

चिरेखाण | २७ जुलै, रात्री ९.५०

धागा वर आलाच आहे तर सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडलं. हा नकाशा २००४ पासून जगभरचे लोक भरतायत, तुम्ही-आम्ही कुणीही भरू शकतो. संगणकावर वरून काढलेला फोटो दिसतो, त्यावर रेघ ओढायची आणि ती काय आहे ते निवडायचं. मी आमची वाडी टाकली, देऊळ टाकलं, डांबरी रस्ता जिथपर्यंत आहे तिथपर्यंत ओढला. मग पाखाडी. तिच्यासाठी "पायऱ्या" असा वेगळा प्रकारच आहे! तो निवडला की गाडीचा मार्ग आखताना ॲप तिला हात लावत नाही.

वरून बघितलं तर झाडीत फक्त एक बारीक फट दिसते, दोन्हीकडे गडगे. पाखाडी ओळखीची नसती तर मीही तिला रस्ताच म्हटलं असतं. बाबा शेजारी बसले होते. "ती विहीर टाक. तिथे चिंच होती, टाकता येते का?" रात्री साडेबारापर्यंत बसलो. चिंच आता नाही, पण टाकली असती तरी जगात कुणाला कळलं असतं म्हणा.

नेहमीच्या ॲपलाही "इथून गाडी जात नाही" म्हणून कळवलं, फोटोसकट. पोच आली, "पाहणी चालू आहे."

---

माठातलं_पाणी | २७ जुलै, रात्री १०.१२

बाबांना आयडी काढून द्या.

---

चिरेखाण | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९.२०

गणपती करून आलो. जुन्या फोनवर नवा नकाशा घेतला होता. वाडी दिसली, आणि बाई अगदी घराच्या फाट्यापर्यंत बोलत आल्या. बाबांनी पहिल्यांदाच फोन हातात घेऊन निरखला. "विहीर दाखवतोय," एवढंच म्हणाले.

माझ्या फोनवरची पाहणी अजून चालूच आहे.

काकांकडे मोदक घेऊन गेलो. म्हटलं, मी अर्धं काम केलंय, निम्म्या गाड्या तरी येणार नाहीत. तसा त्यांचा चेहरा जरा पडलाच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हणे चार गाड्या आल्या, एक पनवेलची, तिच्यातल्या आजी तर यांच्या मेहुण्याच्या नात्यातल्या निघाल्या. तरी फणसाची काळजी आहेच. म्हणून नातवाकडून गडग्यावर चुन्याने लिहून घेतलंय:

"पुढे पाखाडी. म्यापचे ऐकू नये. वळायला जागा अंगणात आहे."

---

चौथा_गिअर | ९ सप्टेंबर, रात्री ९.२६

फोटो टाका की राव.

---

चिरेखाण | ९ सप्टेंबर, रात्री ९.३१

काढला होता, पण मधे आमचीच गाडी उभी आहे. फणसाला लावलेली.